झुंबरबाईंची वाटी

शिरपूरच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत झुंबरबाई बोरसेंना सगळे अक्का म्हणत. अक्कांनी आयुष्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं, पण त्यांच्या घरातून गेलेली वस्तू परत आली नाही असं आयुष्यात एकदाच झालं होतं. त्या एकदाचा राग त्यांनी सोळा वर्षं सांभाळला होता आणि तो अजून चांगल्या स्थितीत होता.

अक्कांकडे सोनगीरच्या तांबटाकडून घडवून घेतलेला पितळी सोऱ्या होता. चैत्र लागला की गल्लीतल्या प्रत्येक घराला कुरडया करायच्या असत आणि प्रत्येक घराला हाच सोऱ्या लागे. शिवाय मोठी परात, खलबत्ता, चाळण्या, असा बराच जामानिमा त्यांच्या स्वैपाकघरातल्या फळीवर ओळीनं मांडलेला असे. न्यायला कोणाची ना नव्हती. रीत एवढीच की नेणाऱ्या बाईनं आपलं नाव घातलेली वाटी आणायची आणि वस्तू उचलली की त्या जागेवर ठेवायची. वस्तू आली की वाटी परत. नावं वाचता येत नसली तरी कोणती वाटी कोणाची हे अक्का पोच्यांवरून सांगत.

दुसरी रीत अशी की ज्याची वस्तू त्याच्याच हातात द्यायची, मधल्या माणसाच्या नाही. ही रीत त्या एकदानंतर आली. सोऱ्याची बारीक शेवेची चकती शेजारच्या सुंदरबाईंनी नेली होती आणि परत द्यायला दिराच्या हाती पाठवली. दीर अक्कांच्या दारापर्यंत पोचलाच नाही. वाटेत कोणी तरी सुरतेच्या कामाचं सांगितलं, तो चकती खिशात घेऊन तसाच सुरतेला गेला. तिथे त्याचं बरं चाललं होतं. चकतीचं कळलं नाही. तेव्हापासून सुंदरबाईंची वाटी चकतीच्या जागेवर होती, आणि येता-जाता सुंदरबाई तिच्याकडे बघत.

कोकिळा ही अक्कांची एकुलती एक सून. माहेर एरंडोलचं, शिक्षण बी.ए. बी.एड., आणि नोकरी गावाबाहेर सहा किलोमीटरवरच्या माध्यमिक शाळेत. नोकरी म्हणजे काय, तर जूनमध्ये ऑर्डर मिळायची आणि एप्रिलअखेर ती संपायची. अशा आठ ऑर्डरी तिनं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्या होत्या. दर मे महिन्यात ती बेकार असे आणि दर जूनमध्ये तिची नव्यानं नेमणूक होई. आठ वर्षं शिकवूनही ती शाळेत नवीनच होती.

ब्याण्णवच्या जूनमध्ये नववी ऑर्डर देताना मुख्याध्यापक शालिग्राम सर म्हणाले, "बोरसे बाई, मुलांची संख्या वाढली आहे. पुढच्या जूनपासून आपल्याला पूर्णवेळ ग्रंथपाल मंजूर होतोय. कायमची जागा. पण ग्रंथालयशास्त्राची पदवी पाहिजे. एका वर्षात करा, जागा तुमची. नाही तर जाहिरात द्यावी लागेल, आणि जाहिरात दिली की कोण कोण येतं तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. संस्थेच्या अध्यक्षांना तीन पुतणे होते.

त्याच दिवशी सरांनी तिला ग्रंथालयाच्या किल्ल्याही दिल्या. ग्रंथालय म्हणजे चार लोखंडी कपाटं. ती अकरा वर्षं बंद होती. आधीचे सर चित्रकलेचे होते. पुस्तक हरवलं तर जबाबदारी आपल्यावर येते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी कुणाला पुस्तक दिलंच नाही. एकही पुस्तक हरवलं नव्हतं. कपाटं उघडल्यावर आतून निघालेली झुरळं तेवढी वाचनात मुरलेली दिसली.

तर कोकिळानं अर्ज भरला. पोस्टानं अभ्यासाची पुस्तकं आली आणि एक ओळखपत्र आलं, फोटो चिकटवलेलं, वर गोल शिक्का मारलेलं. वर्ग दर रविवारी धुळ्याला, एका कॉलेजात, दहा ते पाच.

नवरा अभिमन एसटीत कंडक्टर. स्वभावानं गरीब, बोलायला कमी. बायको शिकणार म्हटल्यावर तो "शिक" म्हणाला आणि ड्यूटीवर गेला. अडचण तिथे नव्हती. पहिल्या रविवारी सकाळी सहाला कोकिळा पिशवी घेऊन निघाली, तेव्हा अक्का चुलीपाशी बसल्या होत्या. सून घरातून दिवसभर जाते आहे, याला विरोध करावा असं काही त्यांना सापडत नव्हतं. मग त्यांनी रीत विचारली.

"तू चालनी ते चालनी. पन तुना जागावर काय ठेवी चालनी?"

कोकिळा चटकन म्हणाली, "तुमना आंडोर ठेवस."

अभिमनची साप्ताहिक सुट्टी रविवारची होती. त्या दिवशी अक्कांचा हा आंडोर, म्हणजे मुलगा, सुनेच्या जागेवर राहिला. त्यानं खिचडी केली. खिचडीत डाळ वेगळी होती, तांदूळ वेगळे होते आणि दोन्ही मिळून खाली लागले होते. अकरा वर्षांची ज्योत्स्ना, त्यांची मुलगी, म्हणाली की बाबांची खिचडी मांजरानंही हुंगून सोडली. पुढच्या शनिवारी अभिमननं डेपोत जाऊन आपली सुट्टी मंगळवारवर करून घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, रविवारी गर्दी असते, माणसं कमी पडतात.

दुसऱ्या रविवारी अक्कांनी तोच प्रश्न विचारला. कोकिळाला गाडी गाठायची होती. तिनं पिशवीतून ओळखपत्र काढलं, फळीवर मिठाच्या बरणीला टेकवून उभं केलं आणि म्हणाली, "हाई ठेवस. मना फोटो शे, नाव शे, शिक्का बी शे."

अक्कांनी ते कार्ड बराच वेळ न्याहाळलं. वाटीवर नाव असतं, इथे चेहराही होता. रीतीत बसत होतं. त्या म्हणाल्या, "बरा शे. उलटं बोलत नही."

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. रविवारी निघताना कार्ड बरणीपाशी, संध्याकाळी आल्यावर कार्ड परत पिशवीत. धुळ्याच्या वर्गात कार्ड कोणी विचारत नव्हतं. तिथला शिपाई चुडामण सगळ्यांना तोंडानं ओळखत होता आणि अकराच्या चहाला कोणाला साखर कमी लागते तेही त्याला पाठ होतं.

अभ्यास कधी करायचा हा प्रश्न कोणी विचारला नाही, त्यामुळे त्याचं उत्तरही कोणाला द्यावं लागलं नाही. पहाटे चारला उठून डबे व्हायच्या आधी एक तास मिळे. शाळेच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर वीस मिनिटं, नाही मिळाली तर दांड्याला धरून बारा. वर्गीकरणाचे आकडे तिनं चपात्या लाटताना पाठ केले. ज्योत्स्ना समोर पुस्तक धरून बसे.

"पाचशे?"

"विज्ञान."

"नऊशे?"

"इतिहास, भूगोल."

"आजी कितीत?"

"तीनशे. समाज."

"आणि बाबा?"

"तीनशे ऐंशीच्या पुढे. वाहतूक."

"तू कितीत आई?"

कोकिळा शून्यापासून आकडे आठवत निघाली. चपाती करपली तेवढी.

दिवाळीत तालिकापत्रं लिहायची होती. पुस्तकांच्या नोंदीची शंभर कार्डं, प्रत्येकावर लेखकाचं नाव आधी आडनाव मग नाव, डावीकडून ठरावीक जागा सोडून, काळ्या शाईत. ती दुपारी ओटीवर बसून लिही आणि वाळायला सुपात मांडे. अक्कांनी एकदा त्यावर लाल मिरच्या पसरल्या. सूप त्यांचं होतं. बावीस कार्डं पुन्हा लिहावी लागली, आणि लिहिताना शिंका आल्या.

कोकिळाला राग येत नव्हता असं नाही. यायचा, चांगला भडकून यायचा. रविवारी धुळ्याहून सातला परत आल्यावर ओट्यावर दिवसभराची खरकटी भांडी तिची वाट बघत असत. अक्का म्हणत, "फोटोले सांगं व्हतं, तिनी घासा नहीत." कोकिळा पदर खोचून भांडी घाशी आणि मनातल्या मनात सासूबाईंना दोनशे, तीनशे, चारशे अशा निरनिराळ्या वर्गांत टाकून बघे. कुठेच नीट बसत नसत.

मग एका रविवारी ज्योत्स्नानं सांगितलं, "आई, तू नसतेस ना, तेव्हा आजी तुझ्या फोटोशी बोलते."

"काय बोलते?"

"आधी रागावते. मीठ संपलं तरी सांगत नही म्हणते. मग म्हणते, मना गुडघा गंज दुखतस वं."

गुडघ्याचं अक्कांनी कोकिळाला कधीच सांगितलं नव्हतं. सुनेपाशी दुखणं काढलं की ती आपल्याला बसवून ठेवील आणि सोऱ्याचा कारभार हातात घेईल, अशी त्यांना धास्ती होती. पुढच्या रविवारी कोकिळानं धुळ्याहून वातावरचं तेल आणलं आणि मिठाच्या बरणीपाशी ठेवलं. बुधवारी बाटली पाऊण झाली होती.

फेब्रुवारीत देवघेवीचा धडा आला. वाचकाला पुस्तक देताना त्याचं तिकीट आपल्याकडे ठेवायचं, पुस्तक आलं की तिकीट परत द्यायचं. या पद्धतीला कोण्या परदेशी बाईचं नाव होतं. कोकिळानं धडा दोनदा वाचला आणि फळीवरच्या वाट्यांकडे बघितलं. तिला फार आनंद झाला. तिनं अक्कांना बसवून सगळं समजावून सांगितलं, तिकीट म्हणजे वाटी, पुस्तक म्हणजे सोऱ्या.

अक्कांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "येवढं शिकाले धुये जानं पडस?"

तरी पण दुसऱ्या दिवशी सुंदरबाईंना त्यांनी सांगितलं की आमच्या घरची रीत आता छापून आली आहे, पुस्तकात. सुंदरबाईंनी विचारलं की त्या पुस्तकात चकतीबद्दल काही आहे का.

मार्चअखेर परीक्षेचं वेळापत्रक आलं. चार पेपर, चार दिवस लागोपाठ, अकरा वाजता. पहिला पेपर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

खानदेशात आखाजीला पेपर ठेवणाऱ्याला खानदेश माहीत नसावा. दिवाळीला एक वेळ लेक माहेरी नाही आली तरी चालतं, आखाजीला चालत नाही. गावोगावच्या लिंबांना झोके बांधलेले असतात, घरोघर पितरांची घागर भरायची असते, आमरस असतो, खापरावरचे मांडे असतात. कोकिळा लग्नापासून दर आखाजीला एरंडोलला जात आली होती. त्या वर्षी तिनं आईला पत्र लिहिलं की येत नाही, परीक्षा आहे. आईनं उत्तरात लिहिलं की आम्ही समजू शकतो, आणि खाली जागा उरली होती तिथे तेच वाक्य पुन्हा लिहिलं.

इकडे अक्कांच्या दोन्ही लेकी, एक अमळनेरची, एक शहाद्याची, आदल्या दिवशी मुलाबाळांसह आल्या. घरात चौदा माणसं झाली. गल्लीत मांडे करावेत तर अक्कांनीच. उंड्यात पुरण भरून तो दोन्ही हातांवर फिरवत फिरवत परातीएवढा करायचा आणि उलट्या खापरावर अलगद सोडायचा, हे काम लेकींनाही जमलं नव्हतं आणि कोकिळाला तर नाहीच. आखाजीच्या सकाळी अक्का एकदा खापरापाशी बसल्या की दुपारपर्यंत उठत नसत. सदतीस वर्षांत उठल्या नव्हत्या.

पेपरच्या दिवशी पहाटे तीनला उठून कोकिळानं पाणी भरलं, चौदा माणसांचा चहा केला, पुरण वाटून दिलं. मोठी नणंद म्हणाली, "वहिनी, आजना दिन?" कोकिळा म्हणाली, "आजनाच." हॉल तिकीट पिशवीत, तीन पेनं पिशवीत, पट्टी पिशवीत. अक्का कणीक तिंबत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "जागावर?" कोकिळानं रविवारच्या हातानं ओळखपत्र काढलं, मिठाच्या बरणीला टेकवलं आणि साडेसातची गाडी पकडली.

तापीचा पूल ओलांडताना तिनं वर्गीकरणाचे सगळे आकडे मनात म्हणून पाहिले. एकही चुकला नाही. तिला फार बरं वाटलं.

सव्वानऊला कॉलेजच्या फाटकावर फलक होता. हॉल तिकीट व ओळखपत्र या दोन्हींशिवाय प्रवेश नाही. साडेअकरानंतर प्रवेश नाही. कोकिळानं पिशवीत हात घातला आणि हात घातल्या घातल्या तिला मिठाची बरणी दिसली.

पिशवी तिनं तरी उलटी केली. तीन पेनं पडली, पट्टी पडली.

चुडामण फाटकावर होता. वर्षभर त्यानं तिला चहा दिला होता. तिनं त्याला विचारलं, तुम्ही मला ओळखता ना?

"वळखस ना बाई. बोरसे बाई, शिरपूर, साखर कमी." तो मनापासून हळहळला. "पन मनं वळखनं चालत नही. कारड लागस."

केंद्रप्रमुखांनी नियम वाचून दाखवला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी नियम दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हळू आवाजात. कोकिळानं हुज्जत घातली नाही. कार्डाशिवाय पुस्तक द्यायचं नाही हे ती स्वतः वर्षभर शिकत होती, आणि त्यांच्या जागी ती असती तर तिनंही हेच केलं असतं. ते आठवून तिला जास्तच वाईट वाटलं. नऊ ऑर्डरींची पिशवी, अध्यक्षांचे तीन पुतणे आणि पहाटेचा तो एक एक तास, सगळं त्या फाटकाबाहेर तिच्यासोबत उभं होतं.

मग ती पळाली. कंडक्टरची बायको म्हणून एक गोष्ट तिला माहीत होती, ती म्हणजे डेपोला डेपोचा फोन लागतो. धुळे स्टँडच्या नियंत्रकाला तिनं धापा टाकत सांगितलं. त्यानं शिरपूरला फोन लावला. अभिमन बोरसे दहाच्या धुळे गाडीवर होता, गाडी अजून फलाटाला लागायची होती. निरोप पोचला. नियंत्रक म्हणाला, "ताई, पोचली तर सव्वाअकराला पोचेल. आज आखाजी आहे, रस्त्याचं काही सांगता येत नाही."

कोकिळा कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. अकराला घंटा झाली. बाकीची माणसं आत गेली होती. त्यांच्यात एक नंदुरबारचे बत्तीस वर्षं नोकरी झालेले सर होते, ते जाताना तिच्याकडे बघून नुसती मान हलवून गेले. चुडामणनं खुर्ची आणून दिली. ती बसली नाही. सव्वाअकरा झाले. वीस झाले. तिला रडू येत होतं आणि रडताना कोणी बघू नये असंही वाटत होतं, म्हणून ती फलक वाचत राहिली.

अकरा चोवीसला रिक्षा आली. कोकिळानं अभिमनची खाकी शोधली. रिक्षातून आधी एक पाय उतरला, मग गुडघ्याला हात लावून दुसरा. अक्का होत्या. कोपरापर्यंत कणीक, कपाळावर चुलीची राख, पदर खोचलेला तसाच. उजव्या मुठीत कार्ड.

त्या सरळ चालत आल्या. चुडामण कार्ड घ्यायला पुढे झाला. अक्कांनी हात मागे घेतला, त्याला ओलांडून पुढे आल्या आणि कार्ड कोकिळाच्या हातात ठेवलं. कार्डाला पुरण लागलं होतं.

"अक्का, घरमा कोन शे?"

"पोरी शेतस."

"मांडा कोन करी राहिनं?"

"कोनीच नही. मना जागावर मनी वाटी ठेईसन उनू." आणि सुनेचं तोंड वाकडं होतं आहे असं दिसल्यावर त्या ओरडल्या, "रडस काय? जाय, लिख!"

ती गेली. केंद्रप्रमुखांनी कार्ड बघितलं, फोटो बघितला, पुरण बघितलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. अकरा सत्तावीस.

तिसरा प्रश्न देवघेवीचा आला होता, उदाहरणासह स्पष्ट करा. कोकिळानं पुस्तकातलं उदाहरण दिलं. सोऱ्याचं लिहावंसं फार वाटलं, पण मार्कांचा प्रश्न होता.

दोनला बाहेर आली तेव्हा अक्का फाटकाजवळच्या लिंबाखाली खुर्चीवर बसल्या होत्या आणि चुडामणला चकतीची हकिगत सांगत होत्या. सुरतेपर्यंत आल्या होत्या. अभिमन परतीच्या गाडीवर होता, तिघं त्याच गाडीनं निघाली. काय झालं ते त्यानं तिकिटं फाडता फाडता सांगितलं. तो पळत घरी गेला, म्हणाला, माय, ते कारड दे, कोकिळानी परीक्षा अडकेल शे. माय खापरावर मांडा टाकत होती. म्हणाली, कोकिळानी वस्तू कोकिळाना हातमा देसू. तो म्हणाला, अगं, मी नवरा आहे तिचा. माय म्हणाली, सुंदरबाईचा दीरही दीरच होता. आणि खापरावरचा मांडा तसाच जळत ठेवून उठली. आपली वाटी बरणीपाशी ठेवली, कार्ड घेतलं आणि त्याच्या आधी स्टँडवर पोचली.

"गुडघा?" कोकिळानं विचारलं.

"ते घरी दुखतस," अक्का म्हणाल्या.

अभिमननं आईला जातानाही तिकीट फाडलं होतं आणि येतानाही फाडलं. दोन्ही तिकिटं अक्कांनी कनवटीला लावली.

घरी पोचायला चार वाजले. चौदाच्या चौदा माणसं उपाशी होती. पितरांचीही तीच अवस्था होती. खापर थंड, पुरण झाकलेलं, आणि दोन्ही लेकी चुलीपासून हातभर लांब बसलेल्या. अक्कांची वाटी बरणीपाशी होती. त्यांच्या आईनं नाव घालून दिलेली, एका बाजूला चेपलेली. लग्नापासून अक्का त्याच वाटीतून जेवत आल्या होत्या. ती वाटी तिथे आहे म्हणजे माय येणार, माय येईपर्यंत हात लावायचा नाही, एवढं लेकींना कळत होतं. सुंदरबाई दारात येऊन बघून गेल्या होत्या.

अक्का हात धुऊन खापरापाशी बसल्या. कोकिळानं पिशवीतून कार्ड काढलं आणि बरणीकडे गेली, वाटी उचलून उद्यासाठी कार्ड टेकवायला.

"सकाय बी पेपर शे ना?" अक्का म्हणाल्या.

"हा. आजून तीन शेतस."

"मंग कारड पिशवीमाच ऱ्हाऊ दे."

"पन अक्का, मंग मना जागावर?"

अक्का उंडा हातावर फिरवत होत्या. तो मोठा होत होता, पातळ होत होता, आणि त्यांचं सगळं लक्ष त्यात होतं.

"मनी वाटी शे ना तठे," त्या म्हणाल्या. "तुना पेपर सरू देत."

जूनमध्ये निकाल लागला, कोकिळा पास झाली, जागा तिला मिळाली, अध्यक्षांच्या पुतण्यांनी दुसरीकडे बघितलं. ते सगळं रीतसर झालं. पण त्या आखाजीला चार वाजून गेल्यावर पंगत बसली तेव्हा ज्योत्स्नानं सगळ्यांच्या वाट्यांत आमरस वाढला आणि आजीच्या ताटापाशी येऊन थबकली. अक्कांनी कोपऱ्यातला पाण्याचा पेला पुढे केला. पुढचे तीन दिवस, शेवटचा पेपर होईपर्यंत, त्या आमरस पेल्यातूनच प्यायल्या.